जाणिवेचा भार : मद्यपी चालक, अल्पवयीन चालक आणि विधीची भाषा

गेल्या वर्षी आमच्या विभागातील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने काही कागद मजकडे आणून दिले. त्याचा धाकटा भाऊ, वय वर्षे १७, वडिलांची मोटारसायकल घेऊन जवळच्या दुकानापर्यंत गेला होता. वळणावर एका वृद्ध बाईंना धक्का लागला व त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. (‘धक्का लागला’ असे मी सहज लिहून गेलो. वस्तुतः धक्का त्या मुलाने दिला होता. या क्रियापदाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.) कागद होते ते मात्र वडिलांच्या नावाचे. विद्यार्थ्याची तक्रार अशी : “सर, गाडी त्याने चालवली आणि आरोपी बाबा कसे? बाबांना तर माहीतच नव्हते.”

मी विधिज्ञ नव्हे. तथापि ‘माहीतच नव्हते’ हे शब्द ऐकताच माझ्या ध्यानी आले की, मुलाच्या नकळत या विषयाचे मर्मच त्याच्या तोंडून बाहेर पडले आहे. मद्य पिऊन वाहन चालविणारा प्रौढ, परवान्यावाचून वाहन चालविणारा अल्पवयीन आणि घरी बसलेला पालक या तिघांसंबंधीचे आपले कायदे तीन निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले आहेत. परंतु ते एकत्र ठेवून वाचू गेल्यास त्यांच्या मुळाशी एकच शब्द आढळतो, आणि तो म्हणजे ‘जाणीव’. कोणाला कशाची जाणीव होती, आणि नसली तर ती त्याला होती असे केव्हा मानावयाचे, यावर दंड की कारावास, सहा महिने की दहा वर्षे, हे ठरते. प्रस्तुत लेखात या एका शब्दाच्या प्रवासाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रारंभ मद्यापासून करू. ज्याने मद्य घेतले आहे त्याचे वर्णन करण्यास मराठीत शब्दांची वाण नाही. झिंगलेला, तर्र, धुंद, बेहोष हे सर्व शब्द पाहणाऱ्याच्या दृष्टीने बनलेले आहेत. म्हणजे ते दिसणाऱ्या वर्तनाचे वर्णन करतात, पोटात गेलेल्या द्रव्याचे नव्हे. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाची मूळ भूमिकाही अशीच होती. त्याच्या ११७ व्या कलमात, वाहनावर योग्य ताबा ठेवता येऊ नये इतपत जो अमलाखाली आहे तो अपराधी, असा आशय होता. येथे ‘इतपत’ हा शब्द सगळा भार वाहतो, आणि वकिलांनी वाद घालावा तो याच शब्दावर. १९८८ च्या अधिनियमाच्या मूळ पाठात हा शब्द गेला, आणि रक्तात मद्य कितीही अल्प प्रमाणात असो, तो अपराधच, असे दुसरे टोक गाठले गेले. १९९४ च्या दुरुस्तीने त्या जागी एक आकडा आला. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य, ही आजची मर्यादा होय. गंमत अशी की, इतर मादक द्रव्यांच्या बाबतीत तो जुना ‘इतपत’ त्याच १८५ व्या कलमात आजही टिकून आहे. एकाच कलमात एका नशेला आकडा आणि दुसऱ्या नशेला विशेषण!

तेव्हा १८५ व्या कलमाखाली ‘मी झिंगलो नव्हतो’ हा बचाव होऊ शकत नाही. कारण झिंगण्याचा प्रश्नच तेथे विचारलेला नाही. ३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेला पुष्कळदा सरळ चालतो, स्पष्ट बोलतो, आणि तरीही तो अपराधी असतो. आमच्या विद्यार्थ्यांत ‘दोनच ग्लास’ हा जो एक समजूतदार शब्दप्रयोग रूढ आहे त्याला कायद्यात काडीचा आधार नाही.

महाराष्ट्रात या कलमाच्या शेजारी दारूबंदीचा १९४९ चा कायदा उभा आहे. येथे ‘दारू’ या शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीने ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ जपून ठेवला आहे, ‘दारूगोळा’ या शब्दात त्याला तिसरीच वाट दिली आहे, आणि एकट्या ‘दारू’ला मद्याचा अर्थ दिला आहे. औषध आणि मद्य यांचे हे जुने नाते बेहराम खुर्शीद पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात अक्षरशः न्यायालयापुढे आले. १९५१ च्या मे महिन्यात मुंबईत एका जीपखाली तीन माणसे सापडली. चालकाच्या तोंडाला मद्याचा वास येत होता. चालक कोण, तर मुंबई विभागाचे तत्कालीन प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी! त्यांचे म्हणणे असे की, आपण मद्यार्कयुक्त पौष्टिक औषध घेतले होते. उच्च न्यायालयाने त्यांना दारूबंदी कायद्याखाली दोषी धरले. परंतु औषधी द्रव्यांपुरती दारूबंदी १९५१ च्या बलसारा निर्णयाने घटनाबाह्य ठरलेली असल्यामुळे, प्राशन केलेले द्रव्य निषिद्ध वर्गातलेच होते हे सरकारपक्षाने सिद्ध केले पाहिजे, असे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले व शिक्षा रद्द केली. पुढे कायद्यात ६६ व्या कलमाचे दुसरे पोटकलम आले. रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम, मद्य आढळले की ते औषधाचे होते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडतो. अशा रीतीने महाराष्ट्रात चालकाच्या रक्ताला दोन मापे लागू आहेत. एक प्राशनाचे, एक चालविण्याचे.

भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक निर्णय मनोरंजक वाटेल. तोही मुंबईच्याच एका खटल्यातला, १९७१ सालचा. तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्तारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढ्या लक्षणांवरून मद्यप्राशन निर्विवाद सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटले. ‘असंबद्ध बोलणे’ हे पंचनाम्यात लिहिणाऱ्याच्या कानावर किती अवलंबून असते हे आम्ही जाणतो. धक्क्याने, भीतीने किंवा परभाषेत उत्तर देण्याच्या सक्तीनेही बोलणे असंबद्ध होते. म्हणूनच रक्ताची किंवा श्वासाची तपासणी वेळेवर होणे महत्त्वाचे. १८५ व्या कलमाखाली अटक झालेल्या माणसाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला सोडावे लागते, असे २०२ वे कलम सांगते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय न्यायालयाने परवान्यासाठी किमान सहा महिन्यांची अपात्रता फर्मावणे हा सर्वसाधारण नियम. कोणालाही इजा झालेली नसता हे सर्व लागू होते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुढे जावयास हरकत नाही.

खरा प्रश्न माणूस मेल्यावर उभा राहतो, आणि येथे पोलिसी मराठीचा एक ठराविक साचा आपणांस भेटतो. अपघाताची कोणतीही खबर काढून पाहावी. ‘भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ ही शब्दसंहती बहुधा तिच्यात असतेच. खाचखळग्यात घसरलेल्या सायकलस्वारापासून मद्य पिऊन पदपथावर चढलेल्या मोटारचालकापर्यंत सर्वांना एकच साचा! वृत्तपत्रांचा साचा दुसरा असतो. त्यांच्यात ‘मोटारीने धडक दिली’, ‘ट्रकने चिरडले’, म्हणजे कर्तृपद वाहनाकडे जाते आणि चालक वाक्याबाहेर पडतो. (प्रारंभी मीही मुलाला वाक्याबाहेर काढले होते.) खबरीच्या साच्यात चालक असतो खरा, परंतु त्याच्या मनाविषयी एक निर्णय आधीच दिला गेलेला असतो. ‘हयगय’ म्हणजे दुर्लक्ष. दुर्लक्षाने घडलेला मृत्यू हा भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमाचा विषय होता व त्याला कमाल शिक्षा दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने ती पाच वर्षे केली आहे. याउलट, या कृत्याने मृत्यू घडणे संभवनीय आहे या जाणिवेने केलेले कृत्य हा सदोष मनुष्यवध, पूर्वीचे कलम ३०४ चा दुसरा भाग, आता कलम १०५. त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास. हयगय की जाणीव, या दोन शब्दांमधील अंतर इतके मोठे आहे.

१२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली. सात मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्य आढळले. सत्र न्यायालयाने हयगय मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. २००७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने जाणीव मानून ती तीन वर्षांची केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये अॅलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने नोंदलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रेते तीच, मोटार तीच, रक्तातले मद्य तेवढेच. बदलले ते चालकाच्या मनाविषयीचे एक पद.

येथे कोणीही चिकित्सक विद्यार्थी आक्षेप घेईल : जो नशेत आहे त्याला जाणीव कोठून असणार? आक्षेप रास्त आहे, आणि कायद्याने त्याचे उत्तर १८६० सालीच देऊन ठेवले होते. दंड संहितेचे ८६ वे कलम (आज न्याय संहितेचे २४ वे) असे सांगते की, स्वतःहून नशा केलेल्या माणसाला, तो शुद्धीवर असता तर जी जाणीव त्याला असती, ती होतीच असे मानून वागवावे. बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या १९५६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने याची मर्यादा दाखविली. जाणीव अशी उसनी देता येते, उद्देश मात्र तसा सरसकट उसना देता येत नाही. म्हणजे पहिला प्याला उचलताना जो शुद्धीवर होता त्याची जाणीव, पुढे सुकाणूवर बसलेल्या बेशुद्धाच्या खात्यावर कायदा जमा करतो. मला ही कल्पना, विधीच्या भाषेतील इतर अनेक कल्पितांपेक्षा, नीतीच्या दृष्टीने अधिक सरळ वाटते.

बालकाच्या बाबतीत कायदा याच्या नेमका उलट चालतो. तेथे प्रत्यक्षात असलेली जाणीवही तो तोलून, मापून, पुष्कळदा बाजूस ठेवतो. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेच कृत्य अपराध नसते. सात ते बारापर्यंत, परिणाम समजण्याइतकी बुद्धी परिपक्व नसेल तर नसते. बारा ते अठरा या वयासाठी २०१५ चा बाल न्याय अधिनियम. या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातील मूलभूत तत्त्वांत एक तत्त्व चक्क अर्थविज्ञानाचे आहे. बालकासंबंधीच्या कोणत्याही प्रक्रियेत दोषारोप करणारे, कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, असे ते बजावते. शब्दार्थाला असे तत्त्वाचे स्थान देणारी कलमे आपल्या विधिग्रंथांत विरळाच.

‘बालगुन्हेगार’ हा आपला रूढ शब्द या कसोटीस उतरत नाही, आणि त्याचे कारण व्याकरणात आहे. ‘-गार’ हा फारसी कर्तृवाचक प्रत्यय ‘कामगार’, ‘जादूगार’ यांत दिसतो. तो एकदा केलेली कृती सांगत नाही, तर पेशा किंवा स्वभाव सांगतो. एकदा गाडी चालविलेल्या मुलाला तो जन्माचा शिक्का मारतो. शासकीय मराठीत त्या जागी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आले. हेतू स्तुत्य, परंतु ‘ग्रस्त’ म्हणजे ग्रासलेला, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीतला. एक शब्द मुलाला कायमचा कर्ता करतो, तर दुसरा त्याला आपद्ग्रस्त करतो. ज्या बाईंचे मनगट मोडले त्यांच्या घरच्यांनी हा दुसरा शब्द ऐकून काय म्हणावे? ‘कायद्याशी संघर्ष घडलेले बालक’ असे साधे वर्णन मला अधिक न्याय्य वाटते. ते लांब आहे हा दोष मान्य.

या अधिनियमाने अपराधांचे तीन वर्ग केले आहेत. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर किरकोळ, त्यावर गंभीर, आणि किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक असेल तर निर्घृण. मुलांच्या हातून नेहमी घडणारे बहुतेक अपराध पहिल्या वर्गात पडतात. साधी चोरी, ‘मजेखातर’ पळविलेली दुचाकी, साधी मारामारी, परवान्यावाचून वाहन, बेदरकार चालविणे, एवढेच नव्हे तर हयगयीने घडविलेला अस्थिभंगसुद्धा. अशा बाबतीत मुलाविरुद्ध सामान्यतः प्रथम खबर नोंदली जात नाही. दैनंदिनीत नोंद व सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल होतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतील एक तरी स्त्री. समज देण्यापासून, समुपदेशन, समाजसेवा, दंड, परिवीक्षा, ते विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवणे, एवढा आदेशांचा पल्ला आहे. पुढे नोकरीत किंवा शिक्षणात हा ठपका अपात्रता म्हणून लागत नाही.

१६ वर्षांवरील मुलाला प्रौढाप्रमाणे चालविण्याचा विचार होतो तो फक्त निर्घृण अपराधात, आणि मद्यपी अल्पवयीन चालकाचा सारा प्रश्न येथे ‘किमान’ या एका शब्दावर येऊन थांबतो. सदोष मनुष्यवधाच्या ज्या भागाखाली असा चालक येतो त्याला कमाल शिक्षा दहा वर्षे आहे, किमान काहीच नाही. दिल्लीत २०१६ मध्ये अठरा पूर्ण होण्यास काही दिवसच उरलेल्या एका मुलाच्या मोटारीखाली एक तरुण मेला. जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली नाही तो अपराध, कमाल शिक्षा कितीही असो, निर्घृण नव्हे. असे अपराध तिन्ही वर्गांच्या मधल्या फटीत पडत होते. न्यायालयाने ते गंभीर वर्गात घातले, व २०२१ च्या दुरुस्तीने तेच कायद्यात लिहिले गेले.

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे एका मोटारीने, नव्हे, एका १७ वर्षांच्या चालकाने दुचाकीवरील दोघा तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, असे प्रकरण सर्वांच्या स्मरणात आहे. त्याने मद्य घेतले होते व पुढे रक्ताचा नमुना बदलण्यात आला, हे आरोप न्यायालयाने पाहावयाचे आहेत. मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची जी अट घातली तिच्यावर लोकक्षोभ उसळला. लोकांचा राग मी समजू शकतो. पण अध्यापक म्हणून एक गोष्ट नमूद करतो. ‘निबंध’ हा शब्द धर्मशास्त्रात विधिनियमांच्या संग्रहग्रंथाला लावीत. कमलाकरभट्टांचा १६१२ चा ‘निर्णयसिंधु’ हा या अर्थी निबंध होय. तो शब्द शाळेत येऊन इतका हलका झाला आहे की, दोन मृत्यूंच्या शेजारी त्याचे वजन उरले नाही. मुलाला प्रौढ म्हणून चालवावे ही पोलिसांची विनंती जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली. ‘किमान’ या शब्दाचे सामर्थ्य माहीत असणाऱ्यास त्याचे आश्चर्य वाटू नये.

आता तिसरी व्यक्ती, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचे वडील. २०१९ मध्ये मोटार वाहन अधिनियमात १९९-अ हे कलम आले. अल्पवयीनाने वाहनाचा अपराध केला की पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. मुलाने वाहन नेले ते संमतीनेच, असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे. यातून सुटण्याच्या दोनच वाटा. आपल्या नकळत हे घडले असे दाखवावे, किंवा ते टाळण्यासाठी आपण सर्व योग्य दक्षता घेतली होती असे दाखवावे. म्हणजे मद्यप्याला जाणीव उसनी दिली, बालकाची जाणीव तोलून बाजूस ठेवली, आणि जो जागेवर हजरच नव्हता त्याच्या माथी ती गृहीत म्हणून ठेवली. मुलाला कदाचित समज देऊन सोडतील, बापाला तीन वर्षांची भीती. हा विरोध कित्येकांना अन्यायाचा वाटतो. मला तो पूर्णतः तसा वाटत नाही. मात्र ज्या घरात किल्ली मुलाने खरोखरच चोरली असेल तेथे, ‘नकळत’ हे सिद्ध करणे किती कठीण, याचा विचार हे कलम लिहिणाऱ्यांनी पुरेसा केलेला दिसत नाही. मुलांना मद्य देणाऱ्याच्या बाबतीत मात्र असा संशय उरत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या ७७ व्या कलमाखाली त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे, आणि ‘घरचाच समारंभ होता’ या सबबीची त्यात सोय नाही.

हे सर्व मी विद्यार्थ्याला समजावून सांगितले. बाईंची नुकसानभरपाई विमा कंपनीला बहुधा द्यावी लागेल, पण परवाना नसल्यामुळे ती रक्कम ती वडिलांकडून वसूल करू शकेल, हेही सांगितले; २००४ च्या स्वर्णसिंग निर्णयापासून ही रीत स्थिर झाली आहे. मग मी त्याला विचारले, किल्ली कोठे असते? म्हणाला, “दाराजवळच्या खिळ्याला.” आणि भाऊ त्यापूर्वी कधी गाडी घेऊन गेला होता काय? तो काही वेळ कागदांकडे पाहत राहिला. “रविवारी दूध आणायला तोच जातो, सर. बाबाच पाठवतात.”

मी कागद त्याच्या हाती परत दिले व एका परिचित वकिलांचा पत्ता लिहून दिला.